उभे राहणारे आष्टेकर

एप्रिलातला रविवार होता. आमखास मैदानावर रोशनगेट क्लबच्या आठ बाद एकशे छपन्न धावा झाल्या होत्या, आणि जिंकायला एकशे अठ्ठावन्न हव्या होत्या. गोलंदाजी गुलमंडीची. हजर माणसं सांगायची तर दोन्ही संघ, दोन तंबूंत बसलेले त्यांचे भाऊबंद, एक चहावाला, सायकली टेकवून उभे असलेले बघे, आणि कडुनिंबाखालच्या टेबलाशी मी. माझं काम स्कोअर लिहिण्याचं. गोलंदाजाच्या टोकाला अंपायर म्हणून आष्टेकर उभे होते. शेवटचं षटक चालू होतं. पाचव्या चेंडूवर फलंदाजानं बॅट फिरवली, चेंडू हुकला, यष्टिरक्षकाच्या हातात गेला. आणि आष्टेकर खणखणीत आवाजात म्हणाले, "ओव्हर!"

त्यांनी बेल्स उचलल्या. सामना संपला. एक चेंडू टाकायचा राहिला होता.

दुसऱ्या कुणाकडून हे झालं असतं तर दोन दिवस बोंबाबोंब झाली असती आणि लोक विसरले असते. आष्टेकरांकडून झालं म्हणून ते राहिलं. आधी ते कसे होते ते सांगायला हवं.

आष्टेकर आणि मी एकाच सरकारी कचेरीत होतो. ते आवक-जावक बघत, मी हिशेब. वयानं ते माझ्यापेक्षा बरेच मोठे. उंच, ताठ, बोलणं मोजकं. कचेरीत ते मला 'देशमुख' म्हणत आणि मैदानात 'स्कोअरर'. ही दोन माणसं त्यांच्या लेखी वेगळी होती. रविवारी मी कचेरीतला विषय काढला तर त्यांना ऐकूच येत नसे. सोमवारी कचेरीत मी विचारलं, "काल तो झेल जमिनीला लागला होता का हो?" तर म्हणत, "काल तुम्ही विचारलं नाही. आज मी आवक-जावक आहे."

लग्न केलेलं नव्हतं. थोरली बहीण, अक्का, लवकर विधवा होऊन माहेरी आली होती. भाऊबहीण सिडकोतल्या दोन खोल्यांत राहत. पुढं अक्कांची एक बाजू लुळी पडली आणि त्या तीन वर्षं अंथरुणावर होत्या. आष्टेकरांनी त्यांचं सगळं केलं. न्हाऊ घालणं, भरवणं, वेणीसुद्धा. वेणी घालायला ते माझ्या बायकोकडून, सुनंदाकडून, शिकून गेले होते. दारातच उभं राहून शिकले, आत आले नाहीत, कारण तेव्हा सीझन चालू होता आणि माझा पुतण्या जालना रोडच्या एका क्लबकडून खेळायचा.

हा त्यांचा नियम. ज्या घरातलं कुणी खेळतं त्या घरचा चहा नाही, जेवण नाही, ओसरीवर बसणंही नाही. सुरुवातीला हे सोपं होतं. खेळणारे थोडे होते. पण शहर वाढलं तसे क्लब वाढले. किराणावाल्याचा मुलगा ऑफस्पिन टाकू लागला, म्हणून आष्टेकर किराणा लांबून आणू लागले. शेजारच्या घरातला जावई गुलमंडीकडून सलामीला येऊ लागला, म्हणून शेजारच्या घरी सणावाराचा निरोपही अक्का आपल्या आपण पोचवत. खडकेश्वरला ज्या न्हाव्याकडे ते वर्षानुवर्षं दाढी करत, त्याचा धाकटा भाऊ यष्टिरक्षक झाला आणि आष्टेकरांनी न्हावी बदलला. मी म्हटलं, "अहो, दाढी करताना तो काय तुम्हाला लाच देणार?"

"लाच नाही देणार," ते म्हणाले. "गप्पा मारेल. मग मला तो आवडायला लागेल."

एकदा फर्दापूरला स्पर्धा होती. आष्टेकर अंपायर आणि मी स्कोअरर असे आम्ही एसटीनं गेलो. यजमान उत्तमराव नावाचे शेतकरी होते, त्यांचा मुलगा गावच्या संघात. दुपारी उत्तमराव स्वतः बोलवायला आले.

"चला साहेब, ताटं वाढलीत."

"नको. माझी भाकरी आहे बरोबर."

उत्तमरावांचा चेहरा उतरला. "का बरं? आमच्या घरचं चालत नाय का? साहेबांची जात कोंची म्हणायची?"

मलाच घाम फुटला. आष्टेकर डबा सोडत शांतपणे म्हणाले, "अंपायरची."

"आं?"

"अंपायरची जात आहे. मॅच संपेस्तोवर कुणाच्या हातचं चालत नाही. तुमच्याही नाही, त्या पाहुण्या टीमच्याही नाही."

"आन् मॅच संपल्यावर?"

"संपल्यावर वाढा. पोटभर वाढा."

त्या दुपारी आष्टेकरांनी उत्तमरावांच्याच मुलाला धावबाद दिलं. संध्याकाळी स्टंप उपटून झाल्यावर ते हातपाय धुऊन पहिल्या पंगतीला बसले. उत्तमराव वाढता वाढता म्हणाले, "माझ्या पोराला आउट देता अन् माझीच भाकर खाता व्हय?"

"भाकर चांगली आहे," आष्टेकर म्हणाले. "पोरगं हळू पळतं."

उत्तमराव इतके हसले की हातातलं पिठलं सांडलं. त्या दिवसासारखं आष्टेकरांना लोकांत मिसळलेलं मी क्वचितच पाहिलं. परगावी सामना संपला की त्यांना मोकळं होता येत असे. आपल्या गावात सामना कधी संपतच नव्हता.

तिथंच हातपंपावर पाय धुताना मी त्यांच्या पिंडऱ्या पहिल्यांदा पाहिल्या. गुडघ्याच्या मागून घोट्यापर्यंत निळ्या-जांभळ्या शिरा, कडुनिंबावर चढलेल्या गुळवेलीसारख्या जाड, वळणं घेत, मधे मधे गाठी. घोट्याजवळची कातडी काळसर, ताणलेली. मी बघतोय हे कळल्यावर त्यांनी पँट खाली सोडली आणि म्हणाले, "उभं राहायचं दुखणं आहे. व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात."

सिडकोतल्या एका डॉक्टरांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं. पायाच्या शिरांत बारीक झडपा असतात, त्या वर चढलेलं रक्त परत खाली येऊ देत नाहीत. त्या सैल पडल्या की रक्त खाली साचतं आणि शिरा फुगतात. डॉक्टरांनी सांगितलं होतं की एका जागी उभं राहू नका, टाचा वर-खाली करत राहा, घट्ट मोजे घाला, पाय वर ठेवून पडत जा. आष्टेकरांनी पहिली सूचना सोडून बाकी सगळ्या पाळल्या. मे महिन्याच्या उन्हात, पांढऱ्या पँटीखाली मांडीपर्यंत ते जाड मोजे. गोलंदाज परत फिरून धावायला सुरुवात करेपर्यंत ते टाचा उचलत, टेकवत, उचलत, टेकवत. गोलंदाज निघाला की पुतळा. पोरं त्यांना 'टाचकाका' म्हणत.

जेवणाच्या सुट्टीत ते निंबाच्या बुंध्याला पाय टेकवून आडवे पडत. पाठ जमिनीवर, पाय आभाळाकडे. दोन्ही तंबूंपासून लांब. रोशनगेटचा कप्तान फिरोज, ज्याचं स्टेशन रोडला टायरचं दुकान होतं, एकदा तिथून जाताना थांबला.

"साब, ये क्या, रिव्हर्स गियर?"

"हौ," आष्टेकर डोळे न उघडता म्हणाले.

"हवा भरके देऊं क्या पाँव में?"

"हवा जास्तच आहे रे. काढून देतोस तर बघ."

फिरोज हसत गेला. आष्टेकरांनी एक डोळा उघडून तो किती लांब गेला ते पाहिलं. त्यांना फिरोज आवडायचा. म्हणूनच फिरोज पायचित असण्याची शंका आली की ते नेहमीपेक्षा जास्त वेळ घेत.

छातीचं नंतर सुरू झालं, अक्का गेल्यावर. कचेरीत लिहिता लिहिता ते पेन खाली ठेवत आणि दोन बोटं मनगटावर दाबून खिडकीबाहेर बघत बसत. मी विचारलं तर म्हणाले, "अधूनमधून धावते छाती. मधेच एखादा ठोका गाळते. घर शांत असलं की जास्त ऐकू येतं."

मी घरी सुनंदाला सांगितलं. ती म्हणाली, "एकट्या माणसाला छातीचंच ऐकत बसावं लागतं. दुसरं बोलतंय कोण तिथं?" मला ते पटलं. आष्टेकरांनाही पटलेलं होतं. पायाचं कारण उभं राहणं आणि छातीचं कारण एकटेपण, अशी वाटणी आम्ही सगळ्यांनी करून टाकली होती. दोन्ही कारणं इतकी सरळ होती की छातीचं डॉक्टरला विचारावं असं कुणाच्या मनात आलं नाही.

आता तो रविवार.

चेंडू मोजायला आष्टेकर चिंचोके वापरत. सहा चिंचोके डाव्या खिशात. चेंडू पडला की एक उजव्या खिशात. फिरोज त्यांच्याच टोकाला धावा काढायला उभा होता. "ओव्हर" ऐकताच तो वळला.

"साब! पाच्च हुए ना! एक बॉल बाकी है!"

आष्टेकरांनी खिशातले चिंचोके काढून तळहातावर बघितले. मग माझ्याकडे बघितलं. मी हात वर करून पाच बोटं दाखवली. एवढ्यात गुलमंडीचा कप्तान बाळू पळत आला. "साहेब, ओव्हर म्हणालात, बेल्स उचलल्यात. झालं आता. नियम आहे."

"नियम आहे," आष्टेकर म्हणाले. नियम खरंच आहे. अंपायरची मोजणी चुकली तरी त्यानं मोजलेलं षटक तेच षटक.

"मतलब हम हारे?" फिरोजनं विचारलं.

"हो. तुम्ही हरलात. चूक माझी आहे." हे ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. रोशनगेटच्या तंबूतून शिव्या सुरू झाल्या होत्या, त्या या वाक्यानं मधेच थांबल्या. मग त्यांनी स्टंप उपटायला हात पुढं केला आणि स्टंप धरूनच खाली बसले.

सगळ्यांत आधी फिरोज वाकला. मी टेबलावरून पळत पोचलो तेव्हा त्यानं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मी मनगट धरलं. नाडी लागत होती, पण तिला चाल नव्हती. तीन-चार ठोके घाईघाईनं, मग काहीच नाही, मग एक मोठा, मग पुन्हा गर्दी. मी आयुष्यभर आकडे मोजले, पण ते मोजता येईना.

रिक्षात ते थोडे सावरले. म्हणाले, "तिसऱ्या चेंडूनंतर सुटली छाती. हात थरथरायला लागला म्हणून खिशात घट्ट धरून ठेवला. एका चेंडूला दोन चिंचोके गेले असणार."

"मग खेळ थांबवायचा ना."

"काय सांगून थांबवू? अंपायरची छाती धडधडते म्हणून?"

हृदयाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला चटपटीत. कार्डिओग्राम काढताना पायाला पट्टे लावायचे म्हणून मोजे उतरवले आणि त्या थबकल्या.

"काका, हे पाय कधीपासूनचे?"

"पंधरा-वीस वर्षं झाली असतील."

"काम काय करता?"

"उभा राहतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खुलासा केला.

कागदाची पट्टी बघून त्यांनी त्या आजाराचं लांब इंग्रजी नाव सांगितलं आणि मग मराठीत समजावलं. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसतेच थरथरतात, त्यामुळं ठोक्यांची लय बिघडते. मी विचारलं, "डॉक्टर, पायाच्या शिरांचा आणि याचा काही संबंध असेल का?"

"गंमत म्हणजे हा प्रश्न आम्हालाही पडतो," त्या म्हणाल्या. "ज्यांच्या पायाच्या शिरा अशा फुगलेल्या असतात, त्यांच्यात ठोके बिघडलेले जरा जास्त सापडतात असं काहींना दिसलंय. पण कशामुळं काय, ते कुणी छातीठोक सांगू शकत नाही. वय, वजन, रक्तदाब ही कारणं दोन्हीकडे सारखीच असतात. एका शेतातली दोन झाडं वाळली तर एकानं दुसऱ्याला वाळवलं असं म्हणता येत नाही ना? बोअरचंच पाणी आटलं असेल."

आष्टेकर पडल्या पडल्या ऐकत होते. "म्हणजे पायाचं छातीत गेलं, की छातीचं पायात आलं, की दोन्ही तिसऱ्याच कशानं झालं, हे दिसलेलं नाही."

"नाही दिसलेलं."

"मग नाबाद," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंना ते कळायला क्षणभर लागलं, मग त्या मनापासून हसल्या. मी मात्र पुढं बरेच दिवस ओळखीतल्या उभं राहून काम करणाऱ्यांचे पाय आणि ठोके मनात जुळवून बघत होतो. आमच्या कचेरीतल्या शिपायाच्या शिरा फुगलेल्या होत्या, ठोके ठणठणीत. एका मास्तरांचं दोन्ही बिघडलेलं. माझ्या असल्या मोजणीला अर्थ नाही हे मला कळतं. मी ती सोडून दिली.

संबंध सिद्ध असो नसो, आष्टेकरांच्या बाबतीत त्या दोन दुखण्यांची गाठ दुसऱ्याच ठिकाणी पडली. डॉक्टरीणबाई हसणं थांबवून म्हणाल्या, "आता नीट ऐका. ठोके असे विस्कटले की हृदयात रक्त साकळतं. एखादी गुठळी सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. म्हणून रक्त पातळ करायची गोळी घ्यावी लागेल, कायमची. आणि ती गोळी चालू असताना रक्त वाहायला लागलं तर लवकर थांबत नाही. तुमच्या या शिरा अगदी कातडीखाली आहेत. मैदानात तो सीझन बॉल येऊन नडगीला बसला तर?"

"आजपर्यंत दोनदाच बसलाय."

"काका, एकदा पुरे. शिवाय एका जागी उभं राहणं पायांनाही वाईटच. चालायचं, भरपूर चालायचं. गोळी घ्यायची तर मैदान बंद."

"आणि मैदान चालू ठेवायचं तर?"

"तर मग मी इथं कशाला बसलेय?"

आष्टेकर छताकडे बघत राहिले. मला ठाऊक होतं ते काय तोलत होते. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. कचेरी संपली की त्यांच्याकडे रविवारच राहणार होते. आठवड्यातून एक दिवस बावीस माणसं त्यांच्या बोटाकडे बघत होती. बाकीचे दिवस त्यांच्याकडे कुणीच बघत नव्हतं.

"घरी कोण असतं?" डॉक्टरीणबाईंनी कागद भरता भरता विचारलं.

"घरी मी असतो."

"तसं नाही, तुमचं करायला?"

ते माझ्याकडे वळून, जणू कचेरीतली गोष्ट सांगावी तसे म्हणाले, "देशमुख, अक्काचं मी केलं." पुढचं वाक्य त्यांनी उच्चारलं नाही. डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "लिहा गोळी."

त्यानंतर ते मैदानात अंपायर म्हणून उतरले नाहीत.

मला वाटलं होतं, आता निदान नियम सुटला. आता या माणसाला कुणाकडेही चहा घेता येईल. सुनंदानं पुढच्याच आठवड्यात जेवायला बोलावलं. ते इस्त्रीचा सदरा घालून आले. वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी, आमटी. नावाजून जेवले. पण जेवताना गप्प. माझा पुतण्या आपल्या कॉलेजच्या गमती सांगत होता, त्याकडे ते साक्षीदाराचं ऐकावं तसं लक्ष देऊन ऐकत होते, हसायची जागा आली की जरा उशिरा हसत होते. शेवटी त्यांनी सुनंदाला विचारलं, अगदी प्रामाणिकपणे, "वहिनी, तुमच्याकडे जेवताना रोज एवढं बोलतात?"

ती म्हणाली, "भांडतातसुद्धा." आणि हसली. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तिचं हसू गेलं. हात धुऊन ते लगेच निघाले. गोळीची वेळ झाली म्हणाले.

"पुन्हा या हं भाऊजी," सुनंदानं दारातून सांगितलं. ते "हो" म्हणाले. बोलावल्याशिवाय आले नाहीत, आणि बोलावलं की आले, जेवले, गेले.

त्यांच्या शेजाऱ्यांकडे सत्यनारायण होता तेव्हा त्यांना बोलावणंच गेलं नाही. यात कुणाचा राग नव्हता. इतकी वर्षं आष्टेकर येत नाहीत हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. ते आता येऊ शकतात, हे घरोघर जाऊन कोण सांगणार? मी शेजाऱ्यांना म्हटलं तेव्हा ते चकित झाले. "अरे, आम्हाला वाटलं त्यांना आवडत नाही."

एक दिवस ते आपल्या जुन्या न्हाव्याकडे खडकेश्वरला गेले. तो वारला होता. दुकानात त्याचा मुलगा होता. त्यानं आष्टेकरांना ओळखलं नाही. "काका, नंबर लागेल, बसा," म्हणाला. हे आष्टेकरांनी मला कचेरीत सांगितलं. ते बसले, नंबर आल्यावर दाढी करून घेतली. "हात चांगला आहे मुलाचा," एवढंच म्हणाले.

निवृत्तीनंतर वर्षभरानं परभणीला राहणारा त्यांचा एक चुलत पुतण्या त्यांना तिकडं घेऊन गेला. पाय जड झाले होते, जिना चढवत नव्हता. झोपेतच गेले असं पुतण्याकडून कळलं. पक्षाघात मात्र झाला नाही. कुणाला त्यांचं काही करावं लागलं नाही.

परभणीला जाण्याआधीच्या एका रविवारी मी त्यांना शेवटचं पाहिलं. आमखासवरच. डॉक्टरीणबाईंनी चालायला सांगितलं होतं म्हणून ते मैदानाला फेऱ्या मारत होते, सीमेच्या दोरीबाहेरून. रोशनगेटची फलंदाजी होती. फिरोज पॅड बांधून तंबूच्या तोंडाशी बसला होता.

"साब! आव ना, चाय पीव."

आष्टेकर थांबले. मला वाटलं, नेहमीसारखा हात हलवून पुढं जातील. पण त्यांनी इकडं-तिकडं बघितलं आणि दोरी ओलांडून तंबूत गेले. फिरोजनं आपली प्लास्टिकची खुर्ची दिली, एक किटबॅग पुढं ओढून पाय वर ठेवायला लावले. कुणीतरी कप हातात दिला. त्या दिवशी माझं टेबल त्या तंबूला लागूनच मांडलं होतं, सगळं ऐकू येत होतं.

"साब, शक्कर बराबर है ना?"

"बरोबर आहे."

"टायर कैसे हैं?" फिरोजनं पायांकडे बोट दाखवलं.

"रिमोल्ड करून चालवतोय."

तंबूत हशा पिकला. आष्टेकरही हसले, आणि या वेळी वेळेवर हसले. तीन-चार षटकं ते तिथं बसले. दोन पोरांनी त्यांना पायचितचा नियम विचारला, तो त्यांनी कपाच्या बशीवर बोट फिरवून समजावला. मला बरं वाटलं. मनात आलं, आज सुनंदाला सांगायचं.

मग मैदानात अपील झालं. नवा अंपायर, विशीतला मुलगा, त्यानं बोट वर केलं. रोशनगेटचा फलंदाज पायचित. तंबू उसळला. "कायका आउट! बाहर थी बॉल!" सगळे आष्टेकरांकडे वळले. "साब, तुम बोलो. बाहर थी के नहीं?"

एक शब्द पुरला असता. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

"इथून दिसत नाही," आष्टेकर म्हणाले. "अंपायरनं दिलं म्हणजे आउट."

मागून एक पोरगा म्हणाला, "छोडो यार. इनकू तो वहाँसे भी नहीं दिखा था. हमारा एक बॉल खा गए."

फिरोज गरकन वळला. "चुप बे! मुँह संभाल!"

आष्टेकरांनी राहिलेला चहा संपवला. कप-बशी नीट बाकावर ठेवली. पाय खाली घेतले, उठले, खुर्ची उचलली आणि तंबूबाहेर निघाले. फिरोज पॅड आपटत मागं धावला.

"साब, बच्चा है. क्या सुनते उसकी?"

"खरं बोलला तो. रागावलो नाही फिरोज."

"तो फिर बैठो ना अंदर. धूप है."

"मला तंबूत बसता येत नाही रे," आष्टेकर म्हणाले. "तू जा. तुझी पाळी आहे."

पाळी फिरोजचीच होती. मैदानातून अंपायर खुणावत होता. फिरोज घुटमळला, एकदा खुर्चीकडे, एकदा खेळपट्टीकडे बघितलं, आणि बॅट उचलून गेला.

आष्टेकरांनी खुर्ची दोरीपासून थोडी लांब उन्हात मांडली आणि बसले. फिरोज गार्ड घेत होता. त्यानं मान वर करून गोलंदाजाकडे पाहिलं, आणि माझ्या लक्षात आलं की आष्टेकर गोलंदाजाच्या मागं, नेमके त्याच्या नजरेच्या रेषेत बसले आहेत. त्यांच्या ते माझ्याआधी लक्षात आलं होतं. ते उठले, खुर्ची उचलली, आणि बाजूला सरकत सरकत फिरोजला दिसणार नाही इतके लांब गेले.

गोलंदाज धावत आला. फिरोजनं चेंडू नीट, सरळ बॅटनं खेळून काढला. मी खाली बघून वहीत बिनधावेचं टिंब मांडलं.